सीना : बालाघाटाच्या पायथ्याने वाहणारी नदी

सीना ही भीमेची उपनदी आहे आणि भीमा ही कृष्णेची. अहिल्यानगर शहराच्या आसपासच्या डोंगराळ भागात सीनेचा उगम होतो. तिथून आग्नेयेकडे वाहत ती अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि सोलापूर या चार जिल्ह्यांच्या भूमीला स्पर्श करते आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते. उगमापासून संगमापर्यंतचे सरळ अंतर सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. वळणे धरली तर नदीची लांबी तीनशे किलोमीटरांहून अधिक भरते. गोदावरी, कृष्णा किंवा भीमेइतके सीनेचे नाव गाजलेले नाही. मात्र मराठवाड्याच्या नैऋत्य कडेचा आणि सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व भागाचा पाण्याचा हिशेब तिच्याशिवाय मांडताच येत नाही. तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर, डोंगराच्या खालच्या अंगाला वसलेली आहे. तिचा परिसरही याच हिशेबात येतो.

या नदीचे एक वैशिष्ट्य नकाशा पाहताच डोळ्यांत भरते. तिला मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या मोठ्या उपनद्या डाव्या काठाने, म्हणजे पूर्व आणि उत्तर बाजूने येतात. उजव्या काठाने नाव घेण्याजोगी नदी क्वचितच मिळते. नकाशावर सीना आणि तिच्या उपनद्यांची रेघ एका बाजूलाच दाते असलेल्या फणीसारखी दिसते. सीनेचा पूर, तिचा कोरडेपणा, तिच्यावरची धरणे आणि तिच्यात बाहेरून सोडले जाणारे पाणी या साऱ्यांचे मूळ या एकतर्फी रचनेत आहे.

भूरचना

सीनेचे सगळे खोरे दख्खनच्या बेसाल्ट खडकावर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून हे पठार तयार झाले. सह्याद्रीपासून पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे या पठारावर डोंगरांच्या लांबच लांब रांगा गेल्या आहेत. त्यांपैकी बालाघाटाची रांग अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतून पुढे सरकते. या रांगेच्या माथ्यावर पाणी दोन दिशांना वाटले जाते. उत्तर आणि पूर्व उतारावरचे पाणी मांजरा, तेरणा यांसारख्या नद्यांतून गोदावरीकडे जाते. दक्षिण आणि पश्चिम उतारावरचे पाणी सीनेकडे, आणखी पूर्वेला बोरी नदीकडे आणि तिथून भीमा-कृष्णेकडे जाते. धाराशिव जिल्हा गोदावरी आणि कृष्णा या दोन महाखोऱ्यांच्या सांध्यावर वसला आहे. या जिल्ह्यात एका गावच्या शिवारातले पाणी गोदावरीच्या वाटेला लागते आणि शेजारच्या गावचे कृष्णेच्या, असे घडते.

बालाघाटाचा पश्चिम आणि दक्षिण उतार काही ठिकाणी एकदम तुटलेला आहे. तुळजापूर या उतारावर उंचावर वसले आहे. तिथून सोलापूरच्या दिशेने निघाले की घाट उतरावा लागतो. घाटाखाली माळ, मुरमाड टेकाडे आणि मधल्या सखल भागात काळी जमीन, असा प्रदेश सुरू होतो. डोंगरावर पडलेला पाऊस तीव्र उतारामुळे वेगाने खाली येतो आणि सपाटीवर येताच मंदावून पसरतो.

सीनेच्या उजव्या बाजूचे चित्र वेगळे आहे. तिच्या पश्चिमेला भीमा जवळजवळ समांतर, त्याच आग्नेय दिशेने वाहते. दोन्ही नद्यांमधला दुआब अरुंद आणि ठेंगणा आहे. पाऊस अडवील असा उंच डोंगर त्यावर नाही आणि मोठी उपनदी तयार होण्याइतकी रुंदीही नाही. या दुआबातले बरेचसे पाणी लहान ओढ्यांतून इकडे किंवा तिकडे उतरून जाते. त्यामुळे सीनेचे स्वतःचे पाणी मुख्यत्वे बालाघाटाच्या बाजूनेच येते.

उगम आणि नगरचा परिसर

सीनेचे दोन प्रमुख उगम सांगितले जातात. एक अहिल्यानगर शहराच्या पश्चिमेला सुमारे २० किलोमीटरांवर, पारनेर तालुक्यातील जामगावजवळ. दुसरा शहराच्या ईशान्येला सुमारे १६ किलोमीटरांवर, जेऊरजवळ. दोन्ही प्रवाह लहान आहेत. उगमाकडच्या भागात सीना म्हणजे पावसाळ्यात वाहणारा आणि हिवाळ्यात आटत जाणारा ओढाच असतो.

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० च्या सुमारास या नदीच्या डाव्या काठावर अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर शहराचा पाया घातला. राजधानी नदीकाठी उभी राहिली खरी, पण तिची तहान भागवण्याची ताकद नदीत नव्हती. म्हणून निजामशाहीच्या काळात शहराभोवतीच्या डोंगरपायथ्यांवरून, कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा गावांच्या बाजूने, जमिनीखालून खापरी नळ टाकून शहरात पाणी आणण्यात आले. हौद, बागा आणि महाल यांना हे पाणी पुरवले जाई. सीनेच्या खोऱ्यात पाणी दुरून आणण्याची परंपरा अशी पाचशे वर्षे जुनी आहे.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. सोलापूर साडेचारशे मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे या दोन शहरांच्या दरम्यानच्या लांब प्रवासात नदी जेमतेम दोनशे मीटर खाली उतरते. उतार मंद असल्याने पात्र वळणे घेत जाते आणि पुराचे पाणी एकदा काठाबाहेर पडले की लवकर ओसरत नाही.

सीमेवरची नदी

नगर तालुका सोडल्यावर सीना दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे वळते. एका बाजूला कर्जत, दुसऱ्या बाजूला बीड जिल्ह्यातील आष्टी, अशी ती काही अंतर जिल्ह्यांची हद्द बनते. इथेच मेहेकरी नदी डावीकडून येऊन तिला मिळते. नगर आणि आष्टीच्या डोंगराळ भागातले पाणी मेहेकरी गोळा करते. आष्टी तालुक्यात तिच्यावर धरण आहे. कर्जत तालुक्यात निमगाव गांगर्डा येथे सीनेच्या मुख्य पात्रावर सीना धरण बांधलेले आहे. त्याची साठवणक्षमता सुमारे २४०० दशलक्ष घनफूट आहे.

पुढे जामखेड तालुक्यात सीनेच्या काठी चोंडी हे गाव आहे. ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाई होळकर यांचा जन्म इथे झाला. इंदूर राज्याच्या कारभारात त्यांनी देशभर घाट, विहिरी आणि बारवा बांधल्या. त्यांचे बालपण मात्र बेभरवशाच्या पाण्याच्या या प्रदेशात गेले होते. आज अहिल्यानगर जिल्हा त्यांचेच नाव धारण करतो.

जामखेडनंतर नदीच्या पश्चिमेला सोलापूर जिल्ह्यातील करमाळा आणि पूर्वेला धाराशिव जिल्ह्यातील परंडा येतो. पुन्हा एकदा सीना हद्दीचे काम करते. ही हद्द आज केवळ दोन जिल्ह्यांमधली असली तरी १९४८ पूर्वी ती दोन राज्यांमधली होती. आष्टी, परंडा, तुळजापूर हा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या संस्थानात होता. कर्जत, करमाळा, माढा, बार्शी हे तालुके मुंबई इलाख्यात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० रोजी दोन्ही काठ महाराष्ट्रात आले. पाण्याचा मुख्य पुरवठा करणारा डोंगर एका राज्यात आणि उजव्या काठचे व खालच्या अंगाचे बरेचसे शिवार दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यामुळे उगमापासून संगमापर्यंत सगळ्या खोऱ्याचा एकत्र विचार करण्याला फार उशिरा सुरुवात झाली.

बालाघाटाचे ओढे

परंडा आणि भूम तालुक्यांत डाव्या काठाची फणी दाट होते. जामखेडकडून खैरी येते, भूम-परंड्याकडून चांदणी येते. या नद्यांवर लहानमोठे प्रकल्प आहेत. परंडा तालुक्यातील चांदणी आणि खासापुरी हे त्यांपैकी परिचित. मुख्य पात्रावर परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव धरण उभे आहे. सुमारे १५० दशलक्ष घनमीटर साठवणीचे हे धरण आणि त्याचे २१ दरवाजे पावसाळ्यात खालच्या गावांच्या रोजच्या बोलण्याचा विषय असतात. मृग आणि आर्द्रा कोरडे गेले तर धरणात पाणी कधी येणार याची चिंता. उत्तरा आणि हस्त जोरात बरसले तर दरवाजे किती उघडले याची चौकशी.

त्याखाली माढा तालुका लागतो. इथून नदी पूर्णपणे सोलापूर जिल्ह्यात शिरते. दारफळ, उंदरगाव, केवड अशी गावे काठाने वसली आहेत. पात्र रुंद होते, काठाची माती खोल आणि काळी होते. माढ्यानंतर मोहोळ तालुक्यात भोगावती नदी डावीकडून सीनेला मिळते. भोगावतीचा प्रवाह धाराशिव शहरातून येतो, बार्शी तालुक्यातून आणि वैरागच्या भागातून वाहतो. बार्शी तालुक्यात तिच्यावर हिंगणी येथे धरण आहे. याच तालुक्यातील नागझरी नदीवर जवळगाव येथे आणखी एक प्रकल्प आहे. बालाघाटाच्या माथ्यावर, धाराशिवच्या आसपास जोराचा पाऊस झाला की त्याचे पाणी भोगावतीवाटे मोहोळच्या मैदानात उतरते.

मोहोळ तालुक्यात लांबोटी येथे पुणे-सोलापूर महामार्ग सीना ओलांडतो. पुढे उत्तर सोलापूर तालुक्यात तिऱ्हे येथे सोलापूर-मंगळवेढा रस्त्याचा पूल आणि दक्षिण सोलापुरात वडकबाळ येथे सोलापूर-विजयपूर रस्त्याचा पूल आहे. सोलापूरहून पश्चिमेला किंवा दक्षिणेला निघणाऱ्या माणसाला कुठे ना कुठे सीना ओलांडावीच लागते.

आदिला, हिप्परगा आणि तामलवाडीचा पट्टा

सीनेच्या डाव्या काठाची आणखी एक छोटी, पण सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याची उपनदी म्हणजे आदिला. तुळजापूरच्या डोंगरउतारावरून दक्षिणेकडे येणाऱ्या ओढ्यांचे पाणी तिच्यात जमते. तुळजापूरचा घाट उतरून तामलवाडी, उळे या गावांवरून सोलापूरकडे यावे तसतसा उतारही त्याच दिशेने कमी होत जातो. सोलापूर जवळ येताच रस्त्यालगत हिप्परग्याचा तलाव पसरलेला दिसतो. ब्रिटिश काळात, १८७१ च्या सुमारास पूर्ण झालेला हा एकरुख तलाव आदिलेच्या पात्रावर मातीचा लांब बांध घालून तयार करण्यात आला. दीडशेहून अधिक वर्षे तो सोलापूर शहराला आणि भोवतीच्या शेतीला आधार देत आला आहे. सोलापूरच्या पाण्याच्या तीन वाटांपैकी ही सर्वांत जुनी. दुसरी भीमेकाठच्या टाकळीची आणि तिसरी थेट भीमेवरील उजनी धरणाच्या जलवाहिनीची.

तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागले की आदिला शहराच्या पश्चिम अंगाने सीनेकडे जाते. शहर वाढले तसे तिच्या पात्रालगत आणि पूररेषेत वस्ती आली. त्यामुळे घाटाखाली एका रात्रीत अतिवृष्टी झाली तर सोलापूरच्या पश्चिमेकडील वसाहतींत पाणी शिरते.

तुळजापूर तालुक्याचा पूर्व भाग मात्र सीनेला पाणी देत नाही. तिथले पाणी बोरी नदीत जाते. बोरी नळदुर्गाच्या किल्ल्याला वळसा घालते, अक्कलकोट तालुक्यातून पुढे जाते आणि सीनेची भेट न घेता स्वतंत्रपणे भीमेला मिळते. नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरीच्या पात्रावर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल आजही शाबूत आहे. एकाच तालुक्यातून निघालेले पाण्याचे दोन प्रवाह वेगवेगळ्या वाटांनी एकाच नदीला मिळतात, हे या जलविभाजकाचे वैशिष्ट्य.

कुडलचा संगम

सोलापूरच्या दक्षिणेला सीना हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते. संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही चालुक्यकालीन मंदिरे आहेत. संगमेश्वर मंदिरातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख कोरलेला आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. कालाचा स्पष्ट उल्लेख असलेल्या आद्य मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. याच परिसरातल्या उत्खननात अनेक मुखे कोरलेले शिवलिंगही सापडले. त्यावर ३५९ मुखे आहेत. मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या सीमेवर, दोन नद्या मिळतात त्या जागी, हजार वर्षांपूर्वीचा मराठी लेख मिळावा ही या खोऱ्याची मोठी सांस्कृतिक ठेव आहे.

संगमानंतर भीमा काही अंतर महाराष्ट्र आणि कर्नाटकाची हद्द बनते. एकूण ८६१ किलोमीटरांचा प्रवास करून ती रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. जामगावजवळचा सीनेचा उगम अरबी समुद्रापासून दोनशे किलोमीटरांच्या आत आहे. पण सह्याद्रीपासून पठार पूर्वेकडे कलते असल्याने त्या पाण्याला पलीकडचा समुद्र गाठावा लागतो. पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदीचीही गोष्ट अशीच आहे. गिनीच्या डोंगरात अटलांटिक महासागरापासून सुमारे २४० किलोमीटरांवर ती उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून सहाराच्या कडेपर्यंत जाते. तिथून वळून, सुमारे ४१८० किलोमीटर वाहून ती गिनीच्या आखाताला मिळते. समुद्र किती जवळ आहे यापेक्षा जमीन कुठे कलते आहे, हे नदीच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

पाऊस आणि पूर

सीनेचे खोरे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. नैऋत्य मोसमी वारे घाटमाथ्यावर बहुतेक बाष्प सोडून इथे पोहोचतात. खोऱ्यात वर्षाला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. कर्जत-करमाळ्याकडे कमी, बालाघाटाच्या माथ्याकडे थोडा जास्त. तोही एकसारखा पडत नाही. जूनमध्ये पेरणीपुरता येतो, जुलै-ऑगस्टमध्ये अनेकदा ओढ देतो आणि सप्टेंबरमध्ये जोर धरतो. सोलापूर जिल्ह्यात सर्वाधिक पावसाचा महिना बहुधा सप्टेंबरच असतो.

याचे कारण पूर्वेकडे आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि आंध्र, तेलंगण ओलांडून पश्चिमेकडे येतात. त्यांनी आणलेले बाष्प बालाघाटाच्या पठारावर कोसळते. ऑक्टोबर २०२० मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर आलेले असेच एक क्षेत्र पश्चिमेकडे सरकले आणि सोलापूर, धाराशिव जिल्ह्यांत सीना, बोरी, भीमा या सगळ्या नद्या एकाच वेळी पुरात गेल्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये याहून मोठे संकट आले. बीड, धाराशिव आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. त्या वेळी पावसाळा सरत आलेला होता, धरणे भरलेली होती आणि जमीन पाण्याने तुडुंब होती. डाव्या काठाच्या सगळ्या उपनद्यांचे पाणी एकाच वेळी मुख्य पात्रात आले. माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील गावे पाण्याने वेढली गेली. लांबोटी येथे पुणे-सोलापूर महामार्ग आणि पुढे सोलापूर-विजयपूर रस्ता बंद ठेवावा लागला. उभी पिके गेलीच, काठच्या शेतांतली सुपीक मातीही खरवडून गेली. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. गेलेला मातीचा थर तयार व्हायला अनेक पिढ्या लागतात.

सीनेचा पूर असा का चढतो, हे तिच्या रचनेवरून समजते. उपनद्या एकाच डोंगररांगेवरून येतात, त्यामुळे एकच मोठा पाऊस त्या सगळ्यांना एकदम भरतो. डोंगरउतारावर पाण्याला वेग असतो, पण मुख्य नदीचा उतार मंद आहे. म्हणून येणारे पाणी जाणाऱ्या पाण्याहून जास्त होते आणि पात्राबाहेर पसरते. त्यात भीमाही भरून वाहत असेल तर संगमाजवळ फुगवटा येतो आणि सीनेच्या पाण्याला पुढे जायला वाट मिळत नाही. माथ्यावरच्या पावसाची आणि प्रत्येक उपनदीवरच्या विसर्गाची माहिती वेळेवर खाली पोहोचली तर माणसे आणि जनावरे हलवण्यासाठी काही तास मिळतात. या नदीवर तेवढे तासही मोलाचे आहेत.

उजवीकडून येणारे पाणी

पावसाळा संपला की दोन-तीन महिन्यांत सीनेचे पात्र ठिकठिकाणी कोरडे पडते. डोंगरातून येणारे ओढे आटतात आणि डोहांत, बंधाऱ्यांत साठलेले पाणीच उरते. नदीवर जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यात त्यांचे बर्गे काढून ठेवतात, म्हणजे पूर आणि गाळ वाहून जातो. ऑक्टोबरात बर्गे बसवून शेवटचे पाणी अडवतात. त्या पाण्यावर काठच्या विहिरी आणि मोटारी चालतात. पण बंधारे भरण्याइतके पाणी नदीत दरवर्षी असतेच असे नाही.

ही तूट भरून काढण्यासाठी गेल्या काही दशकांत पश्चिमेकडचे पाणी सीनेच्या खोऱ्यात आणण्यात आले. निमगाव गांगर्ड्याच्या सीना धरणात कुकडी प्रकल्पाचे पाणी भोसे खिंडीतून सोडले जाते. खाली माढ्याच्या भागात उजनीचे पाणी येते. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता ११७ अब्ज घनफूट आहे. भीमा आणि सीनेमधला दुआब ठेंगणा असला तरी पाणी आपोआप तो ओलांडत नाही. म्हणून त्याच्या पोटातून वीस किलोमीटरांहून लांब भीमा-सीना जोडबोगदा खोदण्यात आला. या बोगद्यातून सोडलेले पाणी सीनेच्या पात्रात उतरते आणि एकेक बंधारा भरत मोहोळ व सोलापूरकडे जाते. सीना-माढा उपसा सिंचन योजनेने उजनीचेच पाणी माढ्याच्या माळावर चढवले आहे. सीनेचे स्वतःचे पाणी डावीकडून, बालाघाटावरून येते आणि आणलेले पाणी उजवीकडून, सह्याद्रीच्या बाजूने. पहिले पावसाळ्यात येते, दुसरे उन्हाळ्यात.

हेच पाणी आता आणखी पुढे, डोंगरावर नेण्याची योजना आहे. आष्टी, परंडा, भूम आणि तुळजापूर तालुक्यांचा बराच भाग कृष्णेच्या खोऱ्यात येतो. त्यामुळे कृष्णेच्या पाण्यात मराठवाड्याचा वाटा आहे, हा दावा भूगोलावरच उभा आहे. कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजनेचा आधारही हाच. तिच्या पहिल्या टप्प्यात ७ अब्ज घनफूट पाणी आणण्याचे नियोजन आहे. योजनेचा एक भाग उजनीतून सीना-कोळेगावकडे जातो. दुसरा भाग मोहोळ तालुक्यात सीनेवरील घाटणे बंधाऱ्यातून सुरू होतो. तिथून पंपांनी टप्प्याटप्प्याने पाणी उचलून तुळजापूरजवळच्या रामदरा तलावापर्यंत नेण्याची ही योजना आहे. नदीच्या पातळीपासून तुळजापूर सुमारे दोनशे मीटर उंच आहे. ज्या उतारावरून पावसाचे पाणी हजारो वर्षे सीनेकडे धावत आले, त्याच उतारावर आता विजेच्या बळावर सीनेतून पाणी चढवले जाणार आहे. तामलवाडी आणि घाटाखालच्या गावांच्या दृष्टीने ही फार मोठी घटना आहे. मात्र असे पाणी महाग पडते. प्रत्येक टप्प्यावर वीज लागते, म्हणून ते कोणत्या पिकाला आणि किती द्यायचे, हा प्रश्न पाणी येण्याआधीच सोडवायला हवा.

माती, पिके आणि माळ

सीनेकाठचे मूळ पीक रब्बीची ज्वारी. काळ्या, खोल जमिनीत सप्टेंबरचा पाऊस मुरतो. ओल धरलेल्या त्या जमिनीत शाळू पेरला की थंडीत, पुढे फारसा पाऊस नसतानाही तो पिकतो. माणसांना भाकरी आणि जनावरांना कडबा असे दुहेरी उत्पन्न देणारे हे पीक या हवामानाशी शतकानुशतके जुळलेले आहे. तूर, हरभरा, करडई ही त्याच्या सोबतीची पिके. खरिपात आता सोयाबीन मोठ्या प्रमाणावर पेरले जाते.

उजनीचे पाणी आले तसा काठाने ऊस वाढला आणि साखर कारखानेही उभे राहिले. उसाने अनेक कुटुंबांना स्थिर उत्पन्न दिले. त्याबरोबर पाण्याची मागणी वाढली, सततच्या भिजवणीने काही जमिनी चिबड झाल्या. द्राक्षांनीही या भागात मोठी मजल मारली. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजचे द्राक्षबागायतदार नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण पुढे आणले. ते महाराष्ट्रभर पसरले. ठिबकवर वाढणाऱ्या या बागांनी कमी पाण्यात जास्त मोल मिळवता येते हे दाखवून दिले.

नदीपासून दूर गेले की मुरमाड माळ सुरू होतो. वरवर उजाड दिसणाऱ्या या गवताळ माळावर माळढोक, काळवीट, लांडगा, खोकड असे जीव राहत आले आहेत. नान्नज परिसरात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले आणि कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांसाठी अभयारण्य करण्यात आले. माळढोकाची संख्या आज नाममात्र उरली आहे. सिंचन वाढले, माळ नांगरला गेला, विजेच्या तारा आल्या. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. पावसाचे पाणी मुरवून ओढ्यांना हळूहळू सोडण्याचे कामही तो करतो.

नदीची आजची स्थिती

सीनेपुढचे प्रश्न उघड आहेत. पात्रातल्या वाळूचा बेसुमार उपसा झाल्याने ठिकठिकाणी खडक उघडा पडला आहे. वाळूच पावसाचे पाणी धरून काठच्या विहिरींना पुरवत होती. ती गेल्यावर विहिरी लवकर आटू लागल्या. नगर आणि सोलापूर या दोन्ही मोठ्या शहरांचे सांडपाणी कुठे थेट, कुठे ओढ्यांवाटे नदीत येते. बंधाऱ्यांत गाळ साठला आहे. पूररेषेतली बांधकामे आणि शेतबांध यांनी पाण्याची वाट अरुंद केली आहे.

यांवरचे उपायही भूगोलच सुचवतो. सीनेचे पाणी बालाघाटावर तयार होते, म्हणून ते मुरवण्याचे आणि अडवण्याचे काम तिथेच, ओढ्याओढ्यांवर सुरू व्हायला हवे. तुळजापूर, भूम, परंडा, आष्टी, जामखेड येथील पाझर तलाव, समतल चर, झाडी आणि गवताळ उतार यांची निगा राखली तर खालच्या मैदानातला पूर काही अंशी ओसरेल आणि उन्हाळ्यात ओढे थोडे अधिक दिवस वाहतील. धरणांतले विसर्ग चार जिल्ह्यांनी एकत्र ठरवले, उपनद्यांवर पाऊस आणि पाणी मोजण्याची केंद्रे वाढवली, तर वेळेवर इशारा देता येईल. पश्चिमेकडून आणलेल्या पाण्याला मर्यादा आहे. भीमेच्या खोऱ्यातच त्याला अनेक वाटेकरी आहेत. बालाघाटावर पडणारा पाऊस मात्र सीनेचा स्वतःचा आहे. तो जपला तरच बाहेरून आणलेले पाणी पुरेसे ठरेल.